काचेतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सदाशिव पेठेत माझी मावशी राहते. तिच्या घरी वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत, माझ्या मावसभावाने समुद्र मांडला आहे. समुद्र म्हणजे तीन फूट लांबीची काचेची पेटी, तीत दोनशे लिटर खारे पाणी, छिद्राछिद्रांचे दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, चार गोगलगायी आणि लांब मिशांचा एक तांबडा झिंगा. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, ती पाच तास आली नाही. पाणी हलवणारा पंप थांबला, पाण्यावर वारा घालणारा पंखा थांबला आणि पत्र्याखालची ती खोली तापत गेली. संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा पाण्यातला तापमापक ३२ अंश दाखवीत होता. मासे वर येऊन तोंडे उघडीत होते आणि झिंगा दगडाच्या कडेला आडवा पडला होता. आजीने माठाभोवतीचा ओला पंचा सोडला आणि पेटीभोवती गुंडाळला. मासे वाचले. झिंगा वाचला नाही.

बोटभर लांबीच्या त्या जीवासाठी घर दोन दिवस गप्प होते. त्या दोन दिवसांत मला वारंवार आठवण झाली ती फिलिप हेन्री गॉसची. आपल्यापैकी इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी त्याला ओळखतात ते एडमंड गॉसच्या 'फादर अँड सन' या १९०७ साली निघालेल्या पुस्तकातला कठोर, धर्मनिष्ठ बाप म्हणून. परंतु माणसाने आपल्या बैठकीच्या खोलीत समुद्र आणून ठेवावा, हे वेड ज्याने इंग्लंडला आणि पुढे जगाला लावले तो हाच माणूस. 'ॲक्वेरियम' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थही त्याच्याच पुस्तकामुळे रूढ झाला. मुलाने रंगवलेल्या बापामागे हा दुसरा गॉस झाकून गेला आहे. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर या गावी झाला. वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार. कामाच्या शोधात ते गावोगाव फिरत आणि घरी पैसा थोडाच येई. कुटुंब लवकरच दक्षिण किनाऱ्यावरील पूल नावाच्या बंदरात येऊन राहिले. तिथे फिलिपची आत्या होती, सुझन बेल. या बाईंना समुद्रकाठच्या जीवांचा छंद होता. त्यांचा मुलगा थॉमस बेल पुढे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ झाला. आत्याने भाच्याला खडकांवरची समुद्रपुष्पे दाखवली आणि ती भांड्यात समुद्राचे पाणी घेऊन जिवंत ठेवून पाहण्यास सांगितले. समुद्रपुष्प हे दिसायला फूल आणि प्रत्यक्षात प्राणी. पोवळ्याच्या किड्याचे ते जवळचे नातेवाईक. गॉसच्या पुढच्या साऱ्या उद्योगाचे बी या आत्याच्या भांड्यात आहे.

घरची परिस्थिती अशी, की कॉलेजचे नावही काढणे शक्य नव्हते. पंधराव्या वर्षी तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला आणि १८२७ साली, सतरा वर्षांचा असताना, अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमधील कार्बोनिअर येथे पाठवला गेला. त्या गोठलेल्या मुलुखात आठ वर्षे त्याने खतावण्या लिहिल्या. १८३२ साली त्याने सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक विकत घेतले. त्याच वर्षी त्याच्या मनाने धर्माचीही कायमची वाट धरली. या दोन गोष्टी पुढे छप्पन वर्षे त्याच्यात एकत्र नांदल्या. त्याच्या लेखी किडा पाहणे आणि ईश्वराची करणी पाहणे यांत अंतर नव्हते.

१८३५ साली त्याने कॅनडात शेती घेतली आणि तीन वर्षे खपून ती बुडवली. मग अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामात लाकडी ओंडक्यांच्या शाळेत मास्तरकी केली. तिथली गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि वर्ष पुरे होण्याआधीच तो परतला. १८३९ साली तो इंग्लंडात उतरला तेव्हा त्याचे वय होते २८, खिसा रिकामा होता आणि जवळ कॅनडातील निसर्गाची टिपणे होती. त्यांचे पुस्तक १८४० साली निघाले आणि कारकुनाचा लेखक झाला. १८४४ ते १८४६ या काळात पक्षी आणि कीटक गोळा करण्यासाठी तो जमैकात राहिला. सॅम्युएल कॅम्पबेल नावाचा तिथला एक तरुण त्याचा मदतनीस होता आणि त्याचे ऋण गॉसने आपल्या पुस्तकात मान्य केले आहे. उत्तरेच्या हिमापासून विषुववृत्ताजवळच्या उन्हापर्यंत सर्व हवा अंगावर घेतलेला हा माणूस पुढे ज्या कामाला लागला, त्यात हवेचाच प्रश्न सर्वांत अवघड ठरावा, हा योगच म्हणायचा.

१८४८ साली त्याचे एमिली बोझशी लग्न झाले. ती कवयित्री होती आणि नवऱ्यापेक्षा सुमारे साडेतीन वर्षांनी मोठी. २१ सप्टेंबर १८४९ रोजी मुलगा झाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉसने मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची नोंद एकापुढे एक, सारख्याच कोरडेपणाने केली. पुढे मुलाने ती जगजाहीर केली आणि वाचक आजही तिला हसतात. मला मात्र ती वाचून वाटते, की या माणसाच्या घरात कोणताच जीव लहान नव्हता.

१८५२ च्या आरंभी अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली आणि तो बायकामुलासह डेव्हनच्या किनाऱ्यावर आला, प्रथम सेंट मेरीचर्चला आणि नंतर इल्फ्राकूमला. ओहोटी लागली की कमरेएवढ्या पाण्यात उतरावे, छिन्नी-हातोडीने खडकाचा तुकडा प्राण्यासकट काढावा आणि घरी आणून पाण्यात ठेवावा, असा त्याचा क्रम सुरू झाला. प्रश्न होता तो हे प्राणी जगवायचे कसे हा. बंद भांड्यातले पाणी दोन-चार दिवसांत नासते. त्याचे उत्तर एकट्या गॉसचे नव्हे, हे सांगायला हवे. लंडनमध्ये ॲना थिन या बाईंनी १८४६ पासून डेव्हनचीच पोवळी घरात सांभाळली होती. त्यांची मोलकरीण खिडकीत उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसे, म्हणजे त्यात हवा मिसळे. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली दाखवून दिले, की पाण्यात वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ बसला तर एकाने सोडलेला वायू दुसऱ्याला पुरतो आणि पाणी टिकते. गॉसने हेच समुद्राच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आणि सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत सांगितले. लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये १८५३ च्या मे महिन्यात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यातले कितीतरी प्राणी त्याने किनाऱ्यावरून धाडलेले होते. १८५४ साली त्याचे 'द ॲक्वेरियम' हे रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले. चित्रे त्याचीच. बापाची कुंचलेगिरी अशी समुद्राच्या कामी आली.

आपल्यासारख्या घाटमाथ्याच्या लोकांना त्याचे सर्वांत उपयोगी काम त्याच वर्षीचे आहे. लंडनला समुद्र हाताशी नाही. मग समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण समोर ठेवून गॉसने ते घरीच तयार केले : साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड, ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड आणि साडेचार लिटरांहून थोडे कमी गोडे पाणी. त्यात आधी शेवाळ रुजू द्यायचे आणि पाणी स्थिरावले की मग प्राणी सोडायचे. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्याला समुद्र उंबऱ्याशी होता. पुण्यातला शौकीन मात्र आजही गॉसच्याच वाटेने जातो. पुडीतले तयार क्षार शुद्ध पाण्यात कालवतो आणि महिनाभर धीर धरतो.

पाणी झाले, हवा झाली. राहिला उन्हाळा. समुद्र अफाट आहे म्हणून तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. पेटीतल्या समुद्राला हे भाग्य नाही. खोली तापली की चार तासांत तोही तापतो. त्यात दुहेरी संकट असते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमका त्याच वेळी प्राण्यांचा श्वास वाढून त्यांना तो अधिक लागतो. प्रवाळभागातले जीव २५-२६ अंशांच्या आसपास सुखी असतात. पोवळ्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवल त्याला अन्न देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभरच अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले तरी ते शैवल निघून जाते, पोवळे पांढरे पडते आणि पुढे उपासमारीने मरते.

गॉसच्या काळच्या लोकांना हे कारण ठाऊक नव्हते, परंतु परिणाम दिसत होता. रीजेंट्स पार्कचे मत्स्यालय काचेचे आणि लोखंडाचे, एखाद्या रोपगृहासारखे. उजेडासाठी भिंती काचेच्या केल्या आणि त्याच उजेडाने पाणी हिरवे होऊ लागले, उन्हाळ्यात तापू लागले. वनस्पतीला ऊन हवे आणि प्राण्याला सावली हवी, हा या शौकातला मूळचा तंटा आहे. तो मिटवण्याचा मोठा मार्ग काढला तो विल्यम आल्फर्ड लॉइड या दुसऱ्या स्वयंशिक्षित माणसाने. लॉइड मूळचा पुस्तकबांधणी करणारा. गॉसने उठवलेल्या लाटेवर त्याने लंडनमध्ये समुद्री जीवांचे दुकान थाटले. पुढे त्याने १८६४ साली हँबर्गचे आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभे केले. त्याची युक्ती साधी होती. दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी जमिनीखाली, अंधारात, थंडाव्यात साठवायचे आणि पंपाने अखंड फिरवत ठेवायचे. आपल्या जुन्या वाड्यांतला तळघरातला थंडावा ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

घरगुती उपाय त्याहून सोपा आहे आणि तो आजीला ठाऊक होता. माठातले पाणी झिरपते, वाफ होऊन उडते आणि उडताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पेटीच्या पाण्यावर तिरपा वारा घालणारा पंखा हेच करतो. दोनशे लिटरांतले एक लिटर पाणी उडाले, तर नुसत्या हिशोबाने बाकीचे पाणी सुमारे तीन अंशांनी निवते. खोलीची उष्णता पुन्हा आत येते म्हणून प्रत्यक्षात फळ कमी मिळते. पुण्याची एप्रिल-मेची हवा कोरडी, म्हणून इथे ही युक्ती चांगली चालते. मुंबईच्या दमट हवेत ती निम्मीही चालत नाही आणि मग पाणी गार करणारे महागडे यंत्रच घ्यावे लागते. मात्र यात एक खोच आहे. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून आटलेल्या पाण्याची भर खाऱ्या नव्हे, गोड्या पाण्याने घालायची, हे गॉसने आपल्या वाचकांना सांगून ठेवले होते. दादाने पहिल्या उन्हाळ्यात ती भर खाऱ्या पाण्याने घातली आणि पाणी इतके खारट केले, की दोन गोगलगायी गमावल्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचले असते तर त्या वाचल्या असत्या.

१८५६ साली गॉस रॉयल सोसायटीचा सभासद झाला. कॉलेजची पायरी न चढलेल्या कारकुनाला याहून मोठा मान नव्हता. परंतु त्याच सुमारास एमिलीला कर्करोग असल्याचे निदान झाले होते. क्लेशदायक उपचारांनंतर १० फेब्रुवारी १८५७ रोजी ती गेली. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने 'ओम्फॅलॉस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बेंबी. पृथ्वीचे थर आणि जीवाश्म लक्षावधी वर्षांची साक्ष देतात आणि बायबल तर सहा दिवसांची सृष्टी सांगते. या पेचावर त्याने तोड काढली, की आईच्या पोटी न जन्मलेल्या आदमालाही जशी बेंबी असणार, तशी सृष्टीही न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा घेऊनच निर्माण झाली. शास्त्रज्ञांनी त्याला हसून सोडले. धर्मवाद्यांनाही ते पटले नाही, कारण त्यातून ईश्वर फसवा ठरत होता. दोन वर्षांनी डार्विनचे पुस्तक आले आणि गॉसचा काळ संपला. पत्नी आणि कीर्ती एकाच वर्षी गमावून तो आठ वर्षांच्या मुलासह सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. तिथे त्याने ब्रिटनमधील समुद्रपुष्पे आणि पोवळी यांवरचा आपला मोठा ग्रंथ १८६० साली पुरा केला. मतांत तो चुकला असेल, पण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत तो सहसा चुकत नसे. म्हणून तो ग्रंथ टिकला.

तरीही त्याचे खरे दुःख 'ओम्फॅलॉस' नव्हते, असे मला वाटते. ते किनाऱ्यावर होते. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. आगगाडी समुद्रापर्यंत पोचली होती. अशा वेळी गॉसने लोकांना सांगितले, की समुद्र घरी नेता येतो. लोकांनी नेला. टोपल्या आणि छिन्न्या घेऊन माणसांच्या झुंडी डेव्हनच्या खडकांवर उतरल्या. ज्या कुंडांत हजारो वर्षे हात पडला नव्हता ती थोड्याच वर्षांत ओरबाडली गेली. नेलेल्या प्राण्यांतले बहुतेक उन्हाळ्यात तापलेल्या, नासलेल्या पाण्यात मेले. दहा वर्षांत फॅशन ओसरली, काचेच्या पेट्या माळ्यावर गेल्या, पण किनारा पूर्वीसारखा झाला नाही. आपल्याच प्रेमळ पुस्तकांनी हे केले, हे गॉसला दिसत होते आणि ते त्याच्या मनाला लागून राहिले होते, असे मुलाने लिहून ठेवले आहे. ज्या मुलाने त्याची इतर कोणतीही चूक झाकली नाही, त्याने हे दुःख मात्र हळुवारपणे सांगितले आहे.

१८६० साली गॉसने दुसरे लग्न केले. एलायझा ब्राइटवेन या शांत स्वभावाच्या बाईंनी त्याचे उरलेले आयुष्य सुखाचे केले. म्हातारपणी त्याला आकाशाचा नाद लागला. हिवाळ्यातल्या एका रात्री दुर्बीण लावून उघड्या खिडकीशी बसला असता त्याला थंडी बाधली आणि छातीचा विकार जडला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो वारला.

आज त्याच्या दुःखाचे क्षेत्र डेव्हनपुरते उरलेले नाही. आपल्या सिंधुदुर्गात मालवणजवळ पोवळ्यांची वस्ती आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. २००१ साली पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले आणि ती समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा ठरला. दादाच्या पेटीत दगड आहेत, जिवंत पोवळी नाहीत, ती यामुळे. छिन्नीला कायद्याने अडवता येते. पण १९९८ आणि २०१६ या वर्षी जगभरच्या समुद्रात पोवळी पांढरी पडली ती कुणाच्या छिन्नीने नव्हे, तर पाणी तापल्यामुळे. पेटीत जे चार तासांत घडते ते समुद्रात चार दशकांत घडू लागले आहे आणि समुद्राभोवती गुंडाळायला कुणाकडे पंचा नाही.

झिंगा गेल्यावर दादाने पेटी मोडून टाकायचे ठरवले होते. मग त्याने ते बेत बदलले. पंख्याला बॅटरी जोडली. पाण्याने भरलेल्या दोन बंद बाटल्या बर्फाच्या कप्प्यात कायमच्या ठेवल्या. वीज गेली की त्या तशाच पेटीत सोडायच्या. बर्फ फोडून टाकायचा नाही, म्हणजे खारेपणा बिघडत नाही. पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून उचलून जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात आणली. लॉइडने हेच केले असते. नवा झिंगा मात्र त्याने आणला नाही. आधी एक सबंध उन्हाळा पाणी २७ अंशांच्या वर जाऊ न देता काढून दाखवीन, मगच, असे त्याने घरात सांगून टाकले आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो रोज दुपारचा आकडा लिहितो. संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झाले की आजी वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर म्हणून तांब्याभर गोडे पाणी पेटीत हळूच सोडते. मार्च निभावला, एप्रिल निभावला. हे लिहीत असताना मे सुरू झाला आहे.